हरणाऱ्याची वही

"बाकीच्या वह्या बघू दे तिला, पन पहिली पेटीतच राहू दे," असं आत्याबाई मला श्रावणात म्हणाल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बायनाबाई. आम्ही दोघी ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी हो म्हटलं. का नको, हे विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या हातचा कागद वाढत्या पोरीच्या हातात नको, असलं काहीतरी असणार. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, मी परभणीच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. अशा वेळी वाद घालायचा नाही, मान हलवायची आणि आपल्याला करायचं ते करायचं, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. पुढच्या बाजाराला त्या मानवतला गेल्या आणि मी पत्र्याची पेटी उघडली. मामंजींच्या धुतलेल्या धोतरांखाली ती वही होती. ती मी माधवीच्या हातात दिली.

माधवी माझी मुलगी, अकरा वर्षांची. मामंजी म्हणजे तिचे आजोबा, सिताराम. ते जाऊन दोन वर्षं झाली. आणि माधवीसाठी ती वही मागत होते ते त्यांचे थोरले भाऊ लिंबाजी, घरातले मोठे बापू, जिल्हाभरातले बुद्धिबळाचे लिंबाजी मास्तर. दोनदा राज्यात पहिले आलेले. लग्न केलं नाही. चुडाव्याला स्टेशनजवळ एका खोलीत राहायचे आणि पोरांना शिकवायचे.

शिकवायची त्यांची एकच रीत. तरुणपणी हैदराबादला त्यांच्या उस्तादांनी त्यांना परमुलुखातल्या एका नामांकित खेळाडूचे डाव दिले होते, पण तो नामांकित व्हायच्या आधीचे, सोळा-सतरा वर्षांचा असतानाचे. वर्षभर दुसरं काही बघू दिलं नाही. तेच मोठे बापू माधवीला सांगायचे. "शेवटचे डाव बघू नको. शेवटाला मानूस हुशार झालेला असतो, त्याचं काहीच दिसत न्हाई. पहिले बघ. तिथं तो भेलेला दिसतो, हावरा दिसतो, कुठं चुकायलाय ते दिसतं." पानावर पोस्टकार्ड ठेवायचं, एक चाल उघडी करायची, पुढची आपण ओळखायची. चुकली तर का चुकली ते लिहायचं. अख्खा डाव असा झाला की पाट, म्हणजे बुद्धिबळाचा पट, फिरवायचा आणि तोच डाव पुन्हा, आता हरणाऱ्याच्या जागी बसून. हे दुसरं बसणं पोरांना नकोसं व्हायचं. माधवीला तेच आवडायचं.

तीन वर्षांत तिनं मोठ्या बापूंच्याच दुसऱ्या वहीपासून बाराव्या वहीपर्यंत सगळे डाव असे खाल्ले. पहिली वही त्यांच्याकडं नव्हती. आमच्या घरचा नियम आजेसासऱ्यांनी, येडबांनी घालून दिलेला. दोघा भावांची वही एकच. जो हरेल त्यानं डाव लिहायचा, आणि शेवटचा डाव जो हरला त्याच्याकडं ती कायमची राहायची. "जिकल्याला काय याद राहायलंय," येडबा म्हणायचे. "हरल्याला राहतं."

आणि शेवटचा डाव आमच्या घरात लेकरालाही ठाऊक होता. साल त्र्याहत्तर, मानवतच्या जिनिंगचं आवार. एका अडत्याला बुद्धिबळाचा नाद. तो म्हणाला, दोघा भावांतला जो जिंकेल त्याला मी हैदराबादला उस्तादाकडं ठेवतो. येडबांनाही ते पटलं, कारण दोघं गेले असते तर रान पडीक राहिलं असतं. लिंबाजी बावीसचे, सिताराम एकोणीसचे. सेहेचाळीस चालींत लिंबाजी जिंकले आणि गेले. सिताराम बैल घेऊन परत आले, ते शेवटपर्यंत रानातच.

मोठे बापू पुढं ज्या ज्या वेळी घरी आले त्या त्या वेळी धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "सितारामा, एका डावानं राहिलास." मामंजी हसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या पुढं कुनाचं चालतंय दादा." मी स्वतः हे दहा-बारा वेळा तरी ऐकलेलं आहे. माझ्या नवऱ्याला, परमेश्वरला, ते वाक्य टोचायचं. तो उठून गोठ्याकडं जायचा. त्याचे थोरले भाऊ, माझे भासरे योगीराज, मात्र मोठ्या बापूंचेच. मानवतला त्यांचं बियाण्यांचं दुकान. त्यात भिंतीवर बापाचा फोटो नाही, मोठ्या बापूंचा हार घातलेला सत्काराचा फोटो आहे.

पहिली वही माधवीनं पंधरा दिवसांत संपवली. वहीतल्या चाली जुन्या पद्धतीनं, मराठीत लिहिलेल्या, वजिराचं प्यादं चार, राजाचा घोडा उंटापुढं तीन, अशा. तिनं त्या आताच्या पद्धतीत उतरवल्या. एके दिवशी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, आजोबा जिंकायलेत यात. पण जिंकतच नाहीत."

मी मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या ॲपमध्ये तो डाव एकेक चाल करून भरला. एकतिसाव्या चालीला कोण जिंकतंय ते दाखवणारी कडेची पट्टी काळ्या बाजूला भसकन खाली आली. काळी सोंगटी मामंजींची. वजिरानं समोरचा हत्ती मारायचा. तो वजीर मोठ्या बापूंना घ्यावाच लागतो. मग आपला हत्ती तिथं जाऊन मात. राजाला पळायला घरच नाही. त्या जागी मामंजींनी कडेचं एक प्यादं एक घर पुढं केलेलं. चौतिसाव्या चालीला तीच मात अजून उभी होती; मामंजींनी हत्ती त्या उभ्या ओळीवरूनच बाजूला घेतला. अडतिसाव्या चालीला घोड्याचा शह होता, राजा आणि वजीर एकाच वेळी. त्यांनी आपला राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला.

एकदा न दिसणं मी समजू शकते. तीनदा नाही. अक्षर बघितलं मी त्या पानावरचं. कुठंही हाललेलं नव्हतं.

माधवीला तीन चुका दिसल्या होत्या. मला त्या दिवशीच कळलं होतं की या चुका नाहीत. मी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. मनात एवढंच आलं की पोरीनं अकराव्या वर्षी हे शोधून काढलं, आणि हे मोठ्या बापूंनी सगळ्यांदेखत ऐकावं. योगीराजभाऊजींनी ऐकावं, जाऊबाईंनी ऐकावं. बबिताताई म्हणजे माझ्या जाऊबाई. मुलीला एवढं बुद्धिबळ कशाला, असं त्या मला दर सणाला विचारत.

पित्तरपाटातली, म्हणजे पितृपक्षातली, पंचमी मामंजींची. आमच्याकडं या दिवशी एका माणसाला पित्तर म्हणून बसवतात. गेलेल्याच्या जागी तो. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, त्याला आधी वाढायचं, आणि त्याचं पोटभर झाल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात घास घालायचा नाही. तो ताटावरून अर्धवट उठला तर गेलेला माणूस उपाशी गेला असं धरतात. खरं तर थोरल्या भावानं धाकट्याचं पित्तर बसू नये. भावकीतल्या लोकांनी सांगून बघितलं. मोठ्या बापूंनी ऐकलं नाही. सितारामच्या जागी मीच बसणार, म्हणाले.

सकाळच्या पॅसेंजरनं ते मानवत रोडला उतरले, जीपनं घरी आले. योगीराजभाऊजी आणि बबिताताई आधीच आलेले. परमेश्वरनं मोठ्या बापूंचे पाय धुतले, टॉवेलानं पुसले. ते पाटावर बसले तेव्हा अकरा वाजले असतील. मी कढी, वडे, खीर, गवार, कारलं असं सगळं वाढलं.

कारल्याकडं बघून ते म्हणाले, "हे सितारामला लय आवडायचं. मला न्हाई. पन आज मी सिताराम हाय, खावंच लागंल."

सगळे हसले. आत्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या, त्यांचेही खांदे हालले. मोठे बापू त्यांचे भासरे, त्यांच्यासमोर त्या पन्नास वर्षं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून राहिल्या. त्यांच्याशी काही बोलायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं बोलायच्या.

मोठ्या बापूंनी दोन घास घेतले आणि नेहमीसारखं माधवीला विचारलं, आज कुठला डाव. ती कधीची दाराशी वही छातीशी धरून उभी होती. म्हणाली, पहिल्या वहीतला शेवटचा.

"मिळाली का वही? आजीनं दिली?"

माधवीनं माझ्याकडं बघितलं. आत्याबाईंनीही मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. कढईतलं तेल पेटायला लागल्यावर बाई ज्या नजरेनं बघते तशी ती नजर होती. त्या वेळी मी म्हणू शकले असते, माधवी, आधी जेवू दे त्यांना. एवढंच वाक्य. मी म्हटलं नाही.

"काय शिकलीस मग?" मोठ्या बापूंनी विचारलं.

"बापूआजोबा, तुमी एकतिसाव्या चालीला हरला होता," माधवी म्हणाली.

ते खळखळून हसले. योगीराजभाऊजींना म्हणाले, "बघ रे, पोरगी गुरूलाच मात द्यायली." मग म्हणाले, आन पाट, दाखव. ताट थोडं सरकवून त्यांच्या उजव्या बाजूला माधवीनं पाट मांडला, एकतिसाव्या चालीपर्यंतच्या सोंगट्या तोंडपाठ लावल्या आणि काळ्या बाजूला बसली. ते एका हातानं जेवत होते, दुसरा हात मांडीवर. तिनं वजिरानं हत्ती घेतला. त्यांनी डाव्या हातानं तो वजीर घेतला. तिनं हत्ती खाली नेला.

त्यांचा उजवा हात कढीच्या वाटीत होता तो तिथंच राहिला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "सितारामच्या नजरेतून सुटलं. पोरगंच होतं ते."

माधवी म्हणाली, चौतिसाव्या चालीलाही हेच आहे. तिनं सोंगट्या लावल्या आणि दाखवलं. मग अडतिसावी. ती आनंदात होती. मोठ्या बापूंच्या कुठल्याही डावात तिनं त्यांना एवढं कधी पकडलं नव्हतं. तिचा आवाज चढत चालला होता आणि खोलीतले बाकीचे सगळे गप्प होत चालले होते, हे तिला कळत नव्हतं.

त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं, हे मला परमेश्वरनं नंतर सांगितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. लहानपणापासून ज्या वाक्यानं तो उठून गोठ्यात जायचा, ते वाक्य खोटं होतं. आता या माणसाला म्हणावं, बोल आता, कोन एका डावानं राहिलं. तो ते म्हणणारच होता. मग त्यानं मोठ्या बापूंचं तोंड बघितलं. "हरलेल्या मानसाचं नव्हतं गं ते तोंड," तो म्हणाला. "पोतं कुनी मधूनच कापावं आन् धान्य सांडत जावं, तसं होतं."

म्हणून तो बोलला ते वेगळंच. तो म्हणाला, "ही वही बापानं लिहिलेली हाय. हरल्यावर घरी येऊन लिहिली असंल. चार चाली इकडच्या तिकडं झाल्या असतील. त्या लिखाणाचं काय धरता, बापू?"

मी नवऱ्याकडं बघत राहिले. आपल्या मेलेल्या बापाला तो चुलत्यासाठी खोटं पाडत होता.

योगीराजभाऊजींनी ते चालू दिलं नाही. आयुष्यभर मोठ्या बापूंच्या मागं फिरलेला हा माणूस, त्यांच्यासाठी बापाला घरात 'तुमाला काय कळतंय' म्हणणारा. तो भिंतीला टेकलेला सरळ झाला. "कामून इकडच्या तिकडं होतील? आपला बाप वहीत खोटं लिहील?" मग मोठ्या बापूंकडं वळून म्हणाला, "म्हंजे आमच्या बापाची जिंदगी तुमी घेतली. आन् वर त्यालाच हसायलात. पन्नास वर्षं."

बबिताताईंनी त्यांची बाही ओढली, म्हणाल्या, अहो, ताटावर बसलेत ते. भाऊजींनी बाही सोडवून घेतली. त्यांना बापाचा पुळका आला होता की आपण चुकीच्या माणसाचा फोटो लावला याचा राग, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

मोठे बापू परमेश्वरला म्हणाले, "तू मला वाचवायलायस. बस खाली."

आणि त्यांनी डोळे मिटले. पहिल्या चालीपासून तो डाव ते म्हणायला लागले. आपली चाल, सितारामची चाल. वजिराचं प्यादं चार, वजिराचं प्यादं चार. माधवी वहीच्या ओळीवर बोट ठेवून पुढं पुढं सरकत होती. एकही चाल चुकली नाही. त्यांच्या स्वतःच्या चाली ते झरझर म्हणत. सितारामच्या चालीपाशी प्रत्येक वेळी थांबत, आठवत, मग म्हणत. एकतिसाव्या चालीला "कडेचं प्यादं एक घर" म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की माधवी पुढं झुकली. सेहेचाळीस चाली पूर्ण झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"सिताराम खोटं लिहीत नसतो. असाच झाला डाव." मग माधवीला, अगदी शिकवताना बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "मला मपल्याच चाली पाठ होत्या, बाळा. त्याच्या चाली मी फकस्त उत्तर म्हनून ध्यानात ठेवल्या. दुनियेला सांगत फिरलो, पाट फिरवून बसा. ह्या डावाला मी कधी पाट फिरवला न्हाई."

माधवीचा चेहरा हळूहळू उतरला. तिला आता कळायला लागलं होतं.

मोठे बापू चुलीकडं वळले. "बायना, तुला ठाव होतं?"

नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. आत्याबाई उठल्या. पदर पुढं ओढला नाही, उलट थोडा मागं घेतला, आणि भासऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

"ठाव होतं. लग्न झाल्यावर चौथ्या महिन्यात त्यांनी सांगितलं. कुनाला बोलायचं न्हाई म्हनून माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हनाले, दादाला औत धरता येत न्हाई. दोन तास धरलं तर हाताला फोड येतात, रातच्याला रडतो. मला येतंय. मग दोघातल्या कुनी जावं, सांग."

"आन् त्याला जायचं न्हवतं?"

मला वाटलं, आता तरी त्या एक खोटं बोलतील. म्हणतील, नव्हतं जायचं, त्यांना रानच आवडायचं. सगळं घर त्या एका शब्दाची वाट बघत होतं, योगीराजभाऊजीसुद्धा.

"लय जायचं होतं," त्या म्हणाल्या.

नंतर, चार दिवसांनी, मी त्यांना विचारलं की तेवढं तरी का सांगितलं. त्या म्हणाल्या, "शपथ डाव कसा झाला त्याची होती. जायचं होतं का न्हाई, ह्याची न्हवती. पन्नास वर्षं लोक म्हनले, सितारामला काय, त्याला गुरं बरी. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी ऐकून घेनं सरलं." हैदराबादहून मोठ्या बापूंची पत्रं यायची, त्यात डाव लिहिलेले असायचे. मामंजी ते रात्री, बिडीच्या उजेडात वाचावं तसे, कागद डोळ्यांशी धरून वाचत आणि सकाळी पत्र चुलीत घालत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. एकदाही म्हणाल्या नाहीत, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मोठे बापू ताटावरून उठले. कारल्याला त्यांनी हात लावलेला नव्हता. खीर तशीच होती, वडा अर्धा. बबिताताई पुढं झाल्या, म्हणाल्या, बापू, आज उठू नका, एवढं संपवा, तुमच्या पाया पडते. ते म्हणाले, ज्याच्या जागी बसायचा हक न्हाई त्याच्या जागी कसा बसू. बाहेर जाऊन त्यांनी हात धुतले. पिशवी घेतली. परमेश्वर जीपच्या थांब्यापर्यंत मागं गेला. जीपमध्ये चढताना फक्त म्हणाले, "तुझा बाप माझ्यापेक्षा भारी होता. हे तो जिता असताना त्याला माझ्या तोंडून कळायला पायजे होतं." जीप गेली.

घरी कुणीच जेवलं नाही. स्वयंपाक तसाच झाकून ठेवला, दुसऱ्या दिवशी गुरांना घातला. योगीराजभाऊजी दुपारीच निघून गेले. दुकानातला फोटो त्यांनी काढला असं बबिताताईंनी फोनवर सांगितलं. त्या जागी बापाचा लावायला घेतला तर मामंजींचा एकट्याचा फोटोच निघेना. सगळ्या फोटोंत ते कुणाच्या तरी मागं उभे. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. तो इतका काळपट आहे की गिऱ्हाईक विचारतं, हे कोण.

माधवीनं पाट उचलून ठेवला तो आजपर्यंत काढलेला नाही. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेचा फॉर्म भरायची तारीख होऊन गेली. मी भर म्हटलं नाही, तिनं भरला नाही. एकदा अभ्यास करता करता तिनं विचारलं, "आई, मी सांगायला नको होतं का?" मी म्हटलं, तू खरं तेच सांगितलंस. ती म्हणाली, ते नाही विचारलं. मग ती पुन्हा वहीत बघायला लागली. मी तिच्यासमोर बसून होते, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि माझ्याकडं उत्तर होतं. नको होतं. पण चूक तुझी नाही, माझी. मी तुला थांबवायला हवं होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघी चुडाव्याला गेलो. मोठ्या बापूंच्या खोलीला आतून कडी होती. मी हाक मारली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "मास्तर घरी न्हाईत." त्यांचाच आवाज. माधवी म्हणाली, बापूआजोबा, मी आहे. त्यानंतर आत काहीच हाललं नाही. आम्ही तासभर पायरीवर बसलो आणि परत आलो. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, पोरांची शिकवणी बंद आहे, पहिल्यासारखं स्टेशनवर पेपर वाचायलाही येत नाहीत. परमेश्वर दोनदा जाऊन आला. आत्याबाईंनी डबा भरून दिला होता. तो दारात ठेवलेला तसाच, मुंग्या लागलेला मिळाला. फोन वाजतो, उचलत नाहीत. आमच्या घरातला कुणीही दिसला की ते कडी लावतात. सुलाबाई आता मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, दोन महिने येणार नाहीत.

पण अनोळखी माणसाला ते कधी दारातून परत लावत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणी म्हटलं, मास्तर, एक चाल अडलीय, तर ते तापात असले तरी उठून बसायचे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला एक मागणं आहे. पूर्णा-नांदेड रस्त्यानं किंवा गाडीनं कधी जाणं झालं तर चुडाव्याला उतरा. स्टेशनच्या मागं निळ्या दाराची खोली विचारली तर कुणीही दाखवेल. दार वाजवा. पाणी मागा, चाल विचारा, काहीही विचारा. आत गेलात तर स्टोव्हकडं बघा, तो ऊन आहे का गार. ताट-वाटी वापरातली दिसते का बघा. अंग किती उतरलंय बघा. आमचं नाव काढू नका, माधवीचं तर मुळीच नाही. पित्तराचा तो कारल्याचा दिवस होऊन अडीच महिने झालेत. ते जेवतात का, तेवढं मला कळवा.